सदर घट सध्या अस्तित्वात आहे काय?

माणूस बिनलग्नाचा आहे, असं सरकारी कागदावर लिहून देणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही पहिल्या आठवड्यात आलं होतं. नंतर रडू आलं, आणि त्यानंतर पुन्हा हसू. पण ते दुसरं हसू दुसऱ्याच्या जिवावर आलेलं होतं, म्हणून ते एकदा कबूल करून टाकावं म्हणतो. संपादकांनी पत्र पाठवून ‘कचेरीतल्या गमतीजमती’ मागितल्या आहेत. माझ्या गमतीजमतींत एकच दोष आहे. त्यातल्या बहुतेकींत चूक माझी आहे.

आधी काम समजावून सांगतो. मी विवाह नोंदणीच्या कचेरीतला कारकून. आधी सांगलीला होतो, आता साताऱ्याला आहे. भटजीबुवांशिवाय, नोंदणी पद्धतीनं लग्न करणारी जोडपी आमच्याकडे येतात. त्यांची नोटीस तीस दिवस फलकावर लावायची, कुणाची हरकत आली नाही तर साहेबांसमोर सह्या घ्यायच्या, पेढा खायचा. हे सोपं काम. अवघड काम ते परदेशी जाऊन लग्न करणाऱ्यांचं. तिकडचा अधिकारी नवऱ्या मुलाला किंवा मुलीला विचारतो, “तुमच्या देशात तुमचं आधी लग्न झालेलं नाही कशावरून?” मग तो बिचारा घरी पत्र लिहितो, घरचे आमच्याकडे येतात आणि अविवाहित असल्याचा दाखला मागतात.

आता तुम्हीच सांगा, झालेली गोष्ट सिद्ध करता येते. पत्रिका असते, फोटो असतो, जेवून गेलेले पाहुणे असतात. न झालेली गोष्ट कशी सिद्ध करायची? सरकारनं त्यावर तोडगा काढला आहे. अर्ज, आईबापांचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्डाची नक्कल, पोलीस पाटलाचा अहवाल, दोन पंचांचे जबाब आणि आमच्या फलकावर तीस दिवस नोटीस. तीस दिवसांत कुणी बोललं नाही तर माणूस बिनलग्नाचा.

आमचा फलक म्हणजे भिंतीवरची जाळीची पेटी. लोक सिनेमाची जाहिरात वाचावी तशा त्यातल्या नोटिसा वाचत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना आमचा शिपाई बाबालाल वाचून दाखवी आणि स्वतःच्या पदरचं दोन शब्दांचं भाष्यही करी. बाबालाल माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, निवृत्तीला टेकलेला, आणि कचेरीतल्या कुठल्याही साहेबापेक्षा त्याला कायदा जास्त माहीत होता. “भाऊसायेब,” तो म्हणायचा, “लगीन लावायला भटजी लागतोय, काजी लागतोय. लगीन न्हाई झालं म्हणायला मातूर आख्खं सरकार लागतंय.”

या कामात माणसं भेटली ती अशी की कुणाला सांगून खरं वाटू नये. सत्तरीचे एक गृहस्थ दाखला मागायला आले. मी विचारलं, “परदेशी कुठं जायचं ठरलंय?” ते म्हणाले, “कुठंच नाही. भिंतीवर लावायचाय. भावजया रोज कायकाय बोलतात, त्यांना सरकारी उत्तर.” एक ऊसवाले पाटील तर त्याच्या उलट मागणी घेऊन आले होते. मुलगा अमेरिकेत शिकायला गेला होता.

“भाऊसायेब, आमच्या पोराचं लगीन झालंय असा दाखला द्या.”

“कधी झालं?”

“झालं न्हाई वो! झालंय असं लिवून द्या. म्हंजी तिकडची कोण मडम त्याच्या गळ्यात पडायची न्हाई. धाडून दितो तिथल्या सायबाला.”

मी म्हणालो, खोटा दाखला देता येत नाही. पाटील उठले. मग म्हणाले, “खरा द्यायला तुमी कशाला पायजे मग?”

पण खोटा दाखला देता येत नाही हे मी त्या पाटलांना ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडाचा एक खोटा दाखला त्यावेळी आफ्रिकेतल्या एका बंदरात कुणाच्या तरी फायलीत पडलेला होता. तो मी सांगलीला असताना दिला होता. मुद्दाम नव्हे. पण मुद्दाम नव्हे असं म्हणणंही पूर्ण खरं नाही.

कवठे महांकाळ तालुक्यातला एक माणूस. लष्करातून सुटून जहाजावर गेलेला, रजेवर आलेला. मोंबासाला एका मुलीशी लग्न ठरलं आहे, म्हणाला. बोलायला गोड, बूट चकचकीत. कागद सगळे आणले होते. पंच होते, पोलीस पाटलाचा अहवाल होता. नोटीस तीस दिवस सांगलीच्या फलकावर राहिली, कुणाची हरकत आली नाही. शेवटच्या दिवशी मी रेशनकार्डाची नक्कल मूळ कार्डाशी ताडून बघितली. मूळ कार्डावर एका ओळीवर निळ्या शाईनं रेघ मारलेली होती. नक्कल करताना ती ओळ गाळली होती. रेघेखालची अक्षरं वाचता येत होती. ‘हौसाबाई, सून.’

“ही कोण?” मी विचारलं.

“थोरल्या भावाची. गेली म्हायेरी निघून,” तो म्हणाला.

थोरला भाऊ कार्डावर कुठं नव्हता. हे मला दिसलं. पण साडेपाचची एस. टी. चुकली तर पुढची गाडी तासानं होती, आणि त्या दिवशी घरी मेव्हणे आले होते. मी कागद पुढे ठेवला. साहेबांनी सही केली.

चार महिन्यांनी एक बाई कचेरीत आली. कपाळाला मोठं कुंकू, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. तिनं माझ्या टेबलासमोर येऊन विचारलं, “माझ्या नवऱ्याला बिनलग्नाचा कुणी केला?”

बाबालालप्रमाणे तिथंही एक शिपाई होता, त्यानं तिला नोटिशीचा, तीस दिवसांचा कायदा समजावून सांगितला. हरकत घ्यायची होती, तर तेव्हा यायचं होतं, म्हणाला. ती त्याचं सगळं ऐकून मला म्हणाली, “मी गावात होते. मला इचारायला कोण आलं न्हाई.” आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी पुढे अर्ज करून, हातापाया पडून मोंबासाला पत्र पाठवायला लावलं, पण तोवर तो माणूस लग्न उरकून तिथून दुसऱ्या जहाजावर गेला होता. माझी साताऱ्याला बदली झाली ती नेहमीची. शिक्षा म्हणून झाली असती तर मला जरा झोप लागली असती.

हे एवढं सगळं सांगायचं कारण असं की, पुढे वाईच्या सुधाताईंचं जे झालं ते याच्यामुळं झालं.

सुधाताई वाईच्या एका शाळेत शिकवत. तिशीला आलेल्या. त्यांचे वडील आप्पा हे निवृत्त चित्रकला शिक्षक. मुलीला कडक मंगळ. तो मंगळ आप्पांनी सात वर्षं गावोगाव हिंडवला होता. कुठं पत्रिका परत आली, कुठं पोहे खाऊन झाल्यावर उत्तर आलं नाही. शेवटी सांगलीच्या मोहनरावांशी जमलं. मोहनराव आधी कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करायचे. मग इंग्लंडला गेले आणि तिथं एका यंत्रांच्या कारखान्यात लागले. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, ‘माझा मंगळावर विश्वास नाही, आणि असला तरी तो तिकडून इतक्या लांब दिसत नसावा.’ नोकरी नवी, रजा मिळत नव्हती, म्हणून सुधाताईंनी तिकडं जायचं आणि तिथल्या नोंदणी कचेरीत लग्न करायचं असं ठरलं. तिकडचा कायदा असा होता की लग्नासाठी आलेल्या मुलीला तीन महिन्यांची मुदत मिळायची. तेवढ्यात लग्न लागलं तर ठीक, नाहीतर परत.

आप्पा आणि सुधाताई दाखल्यासाठी आले. कागद चोख होते. मी रेशनकार्ड उजेडाकडं धरून बघितलं, उलटं करून बघितलं. आप्पा म्हणाले, “भाऊसाहेब, नोट नाही ती, रेशनकार्ड आहे.” नोटीस तीस दिवस फलकावर राहिली. बाबालालनं ती येणाऱ्याजाणाऱ्यांना वाचून दाखवली. एवढ्यावर मी दाखला दिला असता तर हा लेख इथंच संपला असता.

पण तिकडच्या कचेरीनं आपला स्वतःचा एक छापील तक्ता पाठवला होता, तो आमच्याकडून भरून हवा होता. त्यात एक प्रश्न होता. मराठीत सांगायचं तर, ‘सदर व्यक्तीचा यापूर्वी कोणत्याही स्वरूपाचा विवाहविधी झालेला आहे काय?’ हौसाबाईंनंतर मी असे प्रश्न मोठ्यानं वाचून विचारायचं ठरवलं होतं. मी वाचला.

आप्पा म्हणाले, “नाही.”

सुधाताई म्हणाल्या, “आप्पा, कोणत्याही स्वरूपाचा असं लिहिलंय.”

“अगं, म्हणून काय ते...”

“भाऊसाहेब,” सुधाताई मला म्हणाल्या, “माझा कुंभविवाह झालेला आहे.”

वाचकांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुलीला कडक मंगळ असेल, म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका आहे असं पत्रिकेत निघालं, तर काही घरांत तिचं आधी एका मातीच्या घटाशी लग्न लावतात. रीतसर. घटावर देवाची मूर्ती ठेवायची, मुलीभोवती आणि घटाभोवती सूत गुंडाळायचं, मंत्र म्हणायचे. मग तो घट नदीवर नेऊन फोडायचा. जो काही धोका होता तो घटावर गेला, मुलगी मोकळी. हे सगळं गुपचूप, चार माणसांत. सहा वर्षांपूर्वी एका स्थळानं अट घातली म्हणून आप्पांनी ते करून घेतलं होतं. घट फुटला आणि आठ दिवसांनी त्या स्थळाचा नकार आला.

“ते काही लग्न नव्हे हो,” आप्पा म्हणाले. “लिहा ‘नाही’.”

साहेब आतून ओरडले, “काय चाललंय? लिहून टाका ना ‘नाही’ म्हणून!”

मला त्या क्षणी निळ्या शाईची रेघ दिसत होती. मी ‘होय’ लिहिलं. ‘कोणाशी?’ या रकान्यात ‘मातीच्या घटाशी, धार्मिक विधी म्हणून’ असं लिहिलं. साहेबांना जिल्ह्याच्या बैठकीला जायचं होतं, गाडी दारात चालू होती. त्यांनी उभ्याउभ्या सही केली. जाताना सुधाताई मला म्हणाल्या, “खरं लिहिलंत, बरं वाटलं.” आज मागं वळून बघतो तेव्हा कळतं, मी काही त्यांच्यासाठी खरं लिहिलं नव्हतं. मी माझं पाप दुसऱ्याच्या कागदावर धुतलं होतं.

सुधाताई इंग्लंडला गेल्या. दीड महिना काही कळलं नाही. मग एका सकाळी आप्पा कचेरीत आले. पहिल्या गाडीनं आले होते. धोतराचा सोगा एका खिशात, दुसऱ्या खिशात निळं हवाई पत्र. ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं आणि खुर्ची असून उभेच राहिले.

तिकडच्या नोंदणी अधिकाऱ्यानं लग्न अडवलं होतं. त्याचं म्हणणं फार सभ्य भाषेत होतं. ‘आपल्या देशातील चालीरीतींचा मला आदर आहे. सदर घटाशी झालेला विवाह आपल्या कायद्याने बंधनकारक ठरतो किंवा नाही याबद्दल दाखल्यात खुलासा नाही. तो ठरत असल्यास विवाह संपुष्टात आल्याचा पुरावा जोडावा. सदर घट सध्या अस्तित्वात आहे काय?’

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. बाबालालनं मान लांब करून विचारलं, “काय म्हंतोय गोरा?”

“मडकं जिवंत आहे का, विचारतोय.”

बाबालाल बाहेर गेला. जाळीच्या पेटीला टेकून हसत असल्याचा आवाज आत येत होता. मलाही हसू आलं, आणि तेवढ्यात आप्पांकडं नजर गेली. ते म्हणाले, “सहा आठवडे उरलेत, भाऊसाहेब. पोर परत आली तर इथं काय म्हणतील सांगू? मडक्यानंसुद्धा नांदवली नाही म्हणतील. आता दुसरं स्थळ मी कुठनं आणू?”

ते बसले. मग त्यांनी रुमालानं बराच वेळ चष्मा पुसला.

मी साहेबांकडं गेलो. साहेबांनी पत्र वाचलं, दाखल्याची प्रत वाचली, स्वतःची सही बघितली. म्हणाले, “तुम्ही मडक्याला नवरा केलात. आता तुम्हीच त्याला मारा.”

“साहेब, एवढंच लिहून देऊ या की हा विवाह नव्हे.”

“तो विवाह नव्हे असं म्हणणारा मी कोण? धर्मशास्त्र माझ्या अखत्यारीत येत नाही. उद्या कुणी मोर्चा आणला तर? घट फुटलाय असं सिद्ध करा, मी सही करतो. यावेळी वाचून करतो.”

बाबालालकडं आणखी सोपा उपाय होता. “एक मयताचा दाखला आणू या की. कुठल्याबी गावचा. नाव घाला, वय घाला, संपलं. गोऱ्याला काय कळतंय?” आप्पांच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. आणि खरं सांगतो, माझ्याही आला. आठ दिवसांत काम झालं असतं. पण त्या कागदानं सुधाताई विधवा झाल्या असत्या. मी एका बाईचा नवरा कागदावर बिनलग्नाचा केला होता. आता दुसरीचा, न झालेला नवरा कागदावर मारायचा, एवढंच काय ते माझ्या नोकरीत राहिलं होतं. मी म्हणालो, “नको. खरं लिहूनच अडकलोय, खरं लिहूनच सुटू.”

“लांबचा रस्ता हाय,” बाबालाल म्हणाला. “पर चला. म्या बी येतो. मडक्याच्या मयतीला कवा गेलो न्हाई.”

रविवारी आम्ही वाईला गेलो. ज्या गुरुजींनी विधी लावला होता त्यांचा जबाब घेतला. गुरुजींनी सगळं व्यवस्थित सांगितलं, फक्त सही करताना थबकले. “माझ्यावर काही येणार नाही ना? नवऱ्याच्या खुनात साथ वगैरे?” मग घाटावर गेलो. ज्या पायरीवर घट फोडला ती पायरी आप्पांनी दाखवली. मी पंचनामा लिहायला बसलो. ‘आम्ही पंच समक्ष हजर राहून कृष्णा नदीच्या पात्रात पाहणी केली असता सदर घट अगर त्याचे अवशेष मिळून आले नाहीत.’ धुणं धुणाऱ्या बायका धुणं थांबवून बघत होत्या. एकीनं विचारलं, “कोण बुडालं वो?” बाबालालनं गंभीर तोंडानं सांगितलं, “जावई.” त्या बाईनं कपाळाला हात लावला आणि आप्पांकडं अशा दयेनं बघितलं, की आप्पांना पहिल्यांदाच हसू फुटलं. ते इतके हसले की त्यांना पायरीवर बसवावं लागलं.

राहिला कुंभार. सखाराम कुंभाराची भट्टी गावाबाहेर. वयानं साठीचा, हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. त्यानं चाक थांबवलं नाही.

“सखारामबाबा, सहा वर्षांपूर्वी आप्पांनी तुमच्याकडनं एक घट नेला होता, आठवतं का?”

“माझं मडकं मला आठवत न्हाई व्हय? काळा रापलेला, गळ्यावर तीन रेघा. का? फुटला का काय?”

“फुटला. पण तो फुटल्याचं लिहून हवंय.”

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. चाक फिरत फिरत हळू झालं आणि थांबलं. सखाराम आप्पांना म्हणाला, “आवं आप्पा, म्या नवरा न्हाई घडवला. मडकं घडवलं. नवरा घडवता आला असता तर माज्या दोन पोरींस्नी चांगलं नवरं घडवून दिलं नसतं का?”

त्याचा जबाब मी जसाच्या तसा लिहिला. फक्त पोरींचं वगळलं. ‘सदर घट माझ्या हातचा असून त्यात पाण्याखेरीज काही राहत नाही, व तो विवाहास पात्र नाही.’ त्यानं अंगठा उठवला. चिखलाचाच अंगठा. शाईची गरज पडली नाही.

उठताना सखाराम म्हणाला, “कागुद बघून त्या सायबाला काय कळणार? त्यानं मडकं बघितलंय का कवा?”

“नसेल.”

“मग मडकंच धाडा की! तसलंच दितो. बघंल हातात घिऊन, वाजवंल, आत डोकावंल. मग त्यो सोताच म्हणंल, ह्याच्यासंगं कसलं लगीन.”

मला वाटलं, हा आमच्या साहेबांपेक्षा शहाणा आहे. न झालेल्या गोष्टीचा पुरावा देता येत नाही, पण मडक्याचा देता येतो. त्यानं हुबेहूब तसाच एक लहान घट दिला, गळ्यावर तीन रेघा. आम्ही तो उसाच्या पाचटात गुंडाळून, खोक्यात घालून, ‘नमुना’ अशी चिठ्ठी लावून, हवाई टपालानं पाठवला. पोस्टात जकातीचा फॉर्म भरायचा होता. ‘आत काय आहे?’ मी लिहिलं, ‘मातीचे मडके, एक, न वापरलेले.’ बाबालाल माझ्या खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, “अविवाहित लिवा.”

जबाब आणि पंचनामा स्वतंत्र रजिस्टर पाकिटानं गेले. साहेबांनी ते खरोखर वाचले. शेवटच्या पानावर सही करताना म्हणाले, “ही फाइल माझ्या बढतीच्या वेळी कुणाला दाखवू नका.”

मग वाट बघणं. आप्पा दर दोन-तीन दिवसांनी वाईहून यायचे. कचेरीत काम नसलं तरी फलकासमोर उभे राहून दुसऱ्यांच्या नोटिसा वाचायचे. एकदा मला म्हणाले, “ही सगळी पोरं किती पटापट मोकळी होतात हो.” मी मनात दिवस मोजत होतो. मुदतीचे दहा दिवस उरले. सात उरले. चार उरले असताना तार आली. आप्पांनी ती मलाच वाचायला लावली. ‘काल लग्न झालं. पत्र मागाहून.’

बाबालालनं सबंध कचेरीला चहा पाजला. फलकासमोर ताटकळलेल्या दोन नवरदेवांनाही पाजला.

पत्र आलं ते पंधरा दिवसांनी. सुधाताईंनी ते आप्पांना लिहिलं होतं, पण एक पान माझ्यासाठी वेगळं होतं. ते मी जपून ठेवलं आहे. त्यांनी लिहिलं होतं की कागद आधी पोचले. नोंदणी अधिकाऱ्यानं ते भाषांतर करून घेऊन वाचले, मान हलवली, पण तरी अडून बसला. पंचनाम्यात घट ‘मिळून आला नाही’ असं होतं. तो म्हणाला, मिळून आला नाही म्हणजे नाहीच असं नव्हे. मी ते वाचताना लाजेनं लाल झालो. वाक्य माझंच होतं. मग मडकं पोचलं. अधिकाऱ्यानं मोहनराव आणि सुधाताईंसमोर खोकं उघडलं, पाचट बाजूला केलं. मडक्याचे अकरा तुकडे झाले होते.

त्यानं ते तुकडे एकेक करून टेबलावर मांडले. गळ्याच्या तुकड्यावरच्या तीन रेघा सखारामच्या जबाबाशी ताडून बघितल्या. मग उभा राहिला, चष्मा काढला आणि सुधाताईंना म्हणाला, “मॅडम, आपल्या दुःखात मी सहभागी आहे. मृत्यूचा दाखला आता नको.” त्याच दुपारी लग्नाची तारीख दिली.

खाली सुधाताईंनी एक ओळ लिहिली होती. ‘भाऊसाहेब, तो तुकडे गोळा करून टोपलीत टाकणार होता. मी एक मागून घेतला. मोहनरावांआधी सात वर्षांत मला नकार न देणारा तो एकटाच होता.’

इथं हा लेख संपवला असता तर संपादकांना हवी होती तशी गंमत झाली असती. पण त्या पत्रानंतर मला स्वस्थ बसवेना. रविवार बघून मी सांगलीला गेलो, तिथून कवठे महांकाळची गाडी धरली, आणि पुढे चार मैल चालत गेलो. हौसाबाई घराच्या पुढच्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. सासू वारली होती. त्या एकट्याच त्या घरात राहत होत्या, मारलेल्या रेघेखालच्या. मला ओळखलं त्यांनी. सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत.

मी काय बोलणार होतो ते एस. टी.त पाठ केलं होतं. ते विसरलो. मला आठवेल तसं मी त्यांना वाईच्या मडक्याची गोष्ट सांगितली, सखारामाची, गोऱ्या साहेबाची, अकरा तुकड्यांची. ‘जावई बुडाला’ इथं त्या खुदकन हसल्या. शेवटी त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“लय भारी,” त्या म्हणाल्या. “माझं मडकं मातूर पक्कं भाजल्यालं निघालं, भाऊसायेब. दोन ठिकाणी पाणी भरतंय, तरी फुटायचं न्हाई.”

मग हसणं थांबलं. त्या माझ्याकडं बघून, काही राग न धरता, सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “त्या पोरीसाठनं तुमी वाईपतोर गेलासा. माझ्या येळंला हितवर यायला काय झालं हुतं?”

साडेपाचची एस. टी., असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

“आता आलोय,” मी म्हणालो.

“व्हय,” हौसाबाई म्हणाल्या आणि सूप उचललं. “बसा. च्या टाकते. तुमच्या गाडीला अजून लय येळ हाय.”